काळा किल्ला आणि तुझी एक बेल

सुनंदा, काल तुझ्या किल्ल्यावर जाऊन आलो.

हो, मीच. एकतीस वर्षं तू मागे लागलीस तेव्हा गेलो नाही, आणि आता गुडघ्याला पट्टा बांधून शिडी चढलो. हस, हस. तुझ्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो. तुला जाऊन सोळा दिवस झाले आणि एवढ्या दिवसांत मला सरळ चार वाक्यं बोलता आलेली नाहीत. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत माईक माझ्याकडे दिला होता. मी नुसता उभा राहिलो. लोकांना वाटलं, मास्तर दुःखात आहेत. दुःखात होतोच गं, पण तोंड उघडलं असतं तर खरं बाहेर पडलं असतं, त्याची भीती जास्त होती.

ते खरं आता इथे लिहितो. पण ओळीने सांगू दे. मला पहिल्या स्टॉपपासून शेवटच्या स्टॉपपर्यंत ओळीनेच जाता येतं.

सहा वर्षं माझी कंडक्टरची ड्यूटी त्या किल्ल्याला लागून असलेल्या डेपोत होती. स्टॉपचं नाव काळा किल्ला. दिवसातून वीस वेळा मीच ओरडायचो, "काळा किल्ला, काळा किल्ला, चला उतरून घ्या." तुझ्या शाळेची सहल तिकडे नेऊन आलीस त्या दिवशी तू विचारलंस, "मास्तर, किल्ला बघितलाय का कधी?" आणि मी म्हणालो, "कुठला किल्ला?" तू जेवता जेवता अशी हसलीस की ठसका लागला. मग शाळेच्या स्टाफरूममध्ये, तुझ्या माहेरी जालन्याला, आपल्या प्रज्ञाच्या लग्नात व्याह्यांसमोर, जिथे संधी मिळेल तिथे तू तो किस्सा सांगितलास. माझी पार वाट लावलीस.

बाकीच्या बाई पोरांना घेऊन पाण्याच्या घसरगुंड्यांवर जायच्या. तू घाटकोपरची सातवीची पोरं धारावीत न्यायचीस. आधी किल्ला, मग रस्ता ओलांडून मिठी नदीच्या काठचं ते झाडांचं उद्यान. पालक तक्रार करायचे, "बाई, किल्ला बघायचा तर रायगड दाखवा, हे काय, झोपड्यांत?" तू म्हणायचीस, "रायगडावर राजे राहायचे. इथे पहारेकरी राहायचे. आपल्या घरात राजे किती आणि वॉचमन किती, सांगा." पालक सहलीचे पैसे भरायचे. माझा बाप वॉचमनच होता.

पोरांचे तू दोन गट करायचीस म्हणे. अर्धे इंग्रज, अर्धे पोर्तुगीज. नदीच्या अलीकडे हे, पलीकडे ते, आणि मधे सरहद्द. मग विचारायचीस, "आता सांगा, सरहद्द कुठाय?" पोरं वास मारणाऱ्या मिठीकडे बोट दाखवायची, "बाई, त्या नाल्यात." त्यावर तू प्रत्येक वर्षी घरी येऊन चिडायचीस. "नाला म्हणतात रे! नदी आहे ती!" मी म्हणायचो, "पोरं बरोबर बोलतात." झालं, जेवण होईपर्यंत भांडण.

आपलं दुसरं भांडण त्या किल्ल्याच्या दाराचं. त्याला दारच नाही, हे तू सांगितलंस तेव्हा मी म्हणालो, दार नाही तर तो किल्ला कसला, पाण्याची टाकी आहे ती. तू वहीत चित्र काढून समजावलंस. आतले लोक शिडीने चढायचे आणि शिडी वर ओढून घ्यायचे. "शिडी आतल्याच्या हातात, मास्तर. त्याने वर ओढली की बाहेरचा कितीही ओरडू दे." मी म्हणालो, "आणि बाहेरचा घरचाच माणूस असला तर?" तू म्हणालीस, "तरी." हे भांडण मिटलं नाही. आता मिटणारही नाही.

चारचौघांत मी तुझा 'अहो', घरात, कंडक्टरला हाक मारतात तसं, 'मास्तर' आणि भांडताना सरळ 'तू'. पहिल्या भेटीतच तू मला 'तू'वर आणलं होतंस, आठवतंय? तू नवीन नोकरीची, रोज माझ्या बसने जायचीस. एक बाई कडेवर पोर घेऊन बसमागे धावत होती, मी मागच्या बाजूला तिकिटं फाडत होतो. तू उठलीस आणि दोरी ओढलीस. टण. बस थांबली. ती बाई चढली. मी गर्दीतून तुझ्यावर धावून आलो, "ओ बाई! बेलला हात लावायचा नाही! बेल फक्त कंडक्टर देणार!" तू म्हणालीस, "एक दिली की थांबायचं, हाच नियम ना? थांबली ना बस? मग ओरडतोस कशाला?" अख्खी बस हसली. मी मात्र त्या दिवशी दोन प्रवाशांना तीच तिकिटं दोनदा फाडून दिली.

नियम हाच होता. एक बेल, थांब. दोन, चल. पुढे ड्रायव्हर मागे वळून विचारत नाही, का थांबू म्हणून. कोणी पडलं असेल, कोणाचा पदर दारात अडकला असेल, बसची मागची बाजू दिसत नाही त्याला. एकदा वाजली की पाय ब्रेकवर. बत्तीस वर्षांत मी एक बेल दिली आणि ड्रायव्हरने ऐकली नाही, असं झालं नाही. झालं असतं तर मी त्याची कॉलर धरली असती.

आणि घरात? घरात तू ताटावर अंगठी वाजवायचीस. दोनदा म्हणजे वाढ अजून. एकदा म्हणजे पुरे. प्रज्ञासुद्धा बोलायच्या आधी ही भाषा शिकली. पण तू एकदा वाजवलीस तरी मी अर्धी भाकरी टाकायचोच. "घे गं, दिवसभर पोरांमागे घसा फोडतेस." तू खायचीस आणि म्हणायचीस, "बसमधली बेल तुला बरोबर ऐकू येते. माझीच ऐकू येत नाही." मला वाटायचं, लाडात बोलतेस. मी किती मोठा गाढव, सुनंदा.

आता ते सांगतो.

तुझी फुप्फुसं आटत चालली हे कळल्यापासून दीड वर्ष तू घरात ऑक्सिजनची नळी लावून बसायचीस. बाल्कनीत खुर्ची, मशीनची घरघर, मांडीवर कुणाच्या तरी वह्या. रिटायर होऊनही तपासायला वह्या कुठून आणायचीस कोण जाणे. तेव्हा तू मला दोनदा सांगितलंस, "मला त्या मोठ्या मशीनवर घालू नका. तिथून मी परत येणार नाही." दोन्ही वेळा मी विषय बदलला. एकदा तर म्हणालो, "आज भरीत करू का?"

त्या दुपारी हॉस्पिटलात डॉक्टर तुझ्या कॉटपाशी आले. चांगला माणूस, काहीच लपवलं नाही त्याने. म्हणाला, आता व्हेंटिलेटर लावायचा की नाही ते ठरवा, लावला तरी फुप्फुसं सुधारण्यातली नाहीत, थोडे दिवस मिळतील. प्रज्ञा मुलुंडहून निघाली होती, रस्त्यात अडकली होती. तुझ्या तोंडावर मास्क घट्ट, बोलता येत नव्हतं. पण तू ऐकत होतीस. डोळे माझ्यावर. मग तू हात उचललास आणि कॉटच्या लोखंडी दांड्यावर अंगठी मारलीस.

टण.

एकदाच. मी वाट बघितली. दुसरी येईल म्हणून वाट बघितली. बाजूला कोणी बोलत नव्हतं, काही पडलं नाही, काही वाजलं नाही. दुसरी आली नाही. तू हात खाली ठेवलास आणि माझ्याकडे बघत राहिलीस. आणि मी डॉक्टरकडे वळून म्हणालो, "लावा."

असं आहे ते. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने बेल ऐकली आणि गाडी पुढे काढली.

का? मला विचारू नकोस. नाही, विचार. मला तू हवी होतीस. बरी झालेली नको, बोलणारीही नको, नुसती त्या कॉटवर असलेली चालणार होती. मी बाहेर बाकावर बसेन आणि आत तू असशील, एवढंच. अर्धी भाकरी अजून. तेवढ्यासाठी मी तुला अकरा दिवस तिथे ठेवलं. नळी ओढशील म्हणून त्यांनी तुझे हात पट्टीने दांड्याला बांधले. हलकेच बांधले होते, सिस्टरने मला दाखवलं, लागत नाही बघा म्हणून. मी बोट घालून बघितलं. खरंच घट्ट नव्हतं. पण अंगठी काढून माझ्या हातात दिली होती, आणि हात बांधलेले. तू वाजवणार कशाने?

पाचव्या दिवशी तू डोळे उघडलेस. मी वाकलो. तू मला ओळखलंस, आणि मान भिंतीकडे वळवलीस. नळीमुळे जेवढी वळली तेवढी. तेव्हापासून मी झोपलेलो नाही म्हटलं तरी चालेल.

प्रज्ञा आली तेव्हा मशीन लागलं होतं. तिने धापा टाकत विचारलं, "आई काय म्हणाली?" आणि मी, तुझा मास्तर, म्हणालो, "डबल दिली." पोरीचा चेहरा उजळला गं. मग परत कुठल्या तोंडाने सांगू? तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझा फोटो, पांढरी फुलं, शंभरेक माणसं, तुझे जुने विद्यार्थी. सगळे 'कालकथित सुनंदाताई' म्हणत होते आणि मला कळत नव्हतं, ही कोण. प्रज्ञा माईकवर म्हणाली, "माझी आई शेवटपर्यंत लढली. बोलता येत नव्हतं तरी तिने दोन बेल दिल्या, चल म्हणाली." लोक रडले. मीही रडलो. ते ऐकताना मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं.

काल प्रज्ञानेच टूम काढली. "पप्पा, आईची सहल आपण करू. किल्ला आणि उद्यान." तुझी कापडी पिशवी घेतली, तुझी शिट्टी घेतली. तुझी अंगठी मी तिला दिली होती, ती तिच्या बोटात. घाटकोपरहून सायन, तिथून दुसरी बस. मी स्टॉपवर उतरलो आणि पहिल्यांदा मान वर केली. आहे की! काळा दगड, घरांच्या मधून वर आलेला, वर एक झाड उगवलेलं, वाळत घातलेल्या गोधड्या. सहा वर्षं याच्या सावलीत डबा खाल्ला मी.

शिडी सेल्वीअम्माकडे असते, हे तू कधी सांगितलं नव्हतंस. किल्ल्याच्या भिंतीला तिचं घर टेकलेलं. तिने पिशवी ओळखली. "टीचर नाय आली?" मी म्हणालो, "नाही, आज नाही आली." बघ, तोंडातून खोटंच येतं माझ्या. प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अम्मा, आई गेली." सेल्वीअम्मा ओट्यावर बसली. तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "दिवाळीच्या टायमाला आली होती ना, एकटी. रिक्षाने. हातात छोटा सिलिंडर."

मला माहीत नव्हतं. तू म्हणाली होतीस, शाळेत पेन्शनच्या कागदांवर सही करायला जाते. मी बरोबर येतो म्हटल्यावर केवढी ओरडली होतीस.

"शिडी मांगली," सेल्वीअम्मा सांगत होती. "मी बोलली, टीचर, नको. ऐकते काय? तीन पायरी चढली. तिथे उभी राहिली, वर बघितलं. मग स्वताच बोलली, बस, झालं. उतरली. चहा पिली. हसत होती. बोलली, अम्मा, माझा मास्तर असता ना, तर ढकलून वर चढवला असता मला."

प्रज्ञा हसली. मला हसू आलं नाही. मी शिडी धरली आणि चढलो, कारण दुसरं काय करणार? तिसऱ्या पायरीवर थांबलो. तिथून वर तेरा आहेत, मी मोजल्या. तिथून काही दिसत नाही गं, नुसती भिंत दिसते. तरी तू तिथे हसलीस. मी वरपर्यंत गेलो. आत कचरा, प्लास्टिक, कबुतरं. भिंतीतल्या एका भगदाडातून मिठी दिसते, पलीकडे काचेच्या इमारती, आणि अलीकडे तुझं उद्यान, एवढं हिरवं की खरं वाटत नाही. खालून प्रज्ञा ओरडली, "पप्पा, दार सापडलं का?" मी म्हणालो, "नाही." तू बरोबर होतीस, बाई. दार नाहीच.

मग उद्यानात गेलो. पूर्वी इथे शहराचा कचरा टाकायचे, हे मला माहीत आहे, माझी बस तिथून नाक धरून जायची. आता फुलपाखरं. नदीच्या बाजूच्या कुंपणाशी बाक आहे, तिथे बसलो. प्रज्ञाने डबा उघडला. भाकरी, ठेचा, कांदा. मला घास जाईना. मी म्हणालो, "प्रज्ञा, आईने डबल दिली नव्हती."

तिने भाकरी तोडता तोडता हात थांबवला. "म्हणजे?"

"एकच दिली होती."

"तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल."

"बत्तीस वर्षं बेल ऐकलीय मी, बाळा. एकच होती. मी थांबलोसुद्धा दुसरीसाठी."

तिने तोडलेला तुकडा डब्यात परत ठेवला. समोर नदीत एक पांढरा बगळा काळ्या गाळात पाय उचलत चालला होता, आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "अकरा दिवस मी तिच्या कानात लढ म्हणत होते. लढ आई, लढ. ती थांब म्हणाली होती, आणि मी रोज जाऊन लढ म्हणत होते." मग ती उठली. "आणि माईकवर? शंभर माणसांपुढे? तू बसून ऐकत होतास?"

तू. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा मला 'तू' म्हटलं. तुझाच आवाज, तुझाच.

मी म्हणालो, "हो." म्हणालो, "मला ती हवी होती." त्यावर ती जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. तिने बोलायला हवं होतं, बोलली. एक माळी लांबून बघत होता. मग ती त्या झाडांत निघून गेली आणि मी भाकरीचा डबा मांडीवर घेऊन बसलो. मला वाटलं, आता हीही गेली. खरं सांगतो, त्या वेळी कुंपण नसतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. पण भूक लागली होती. लाज वाटते सांगायला, मी अर्धी भाकरी खाल्ली.

ती तासाभराने आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "चला." बस्स, तेवढंच. परतीच्या बसमध्ये ती पुढे बसली, मी मागे. हल्लीच्या बसला दोरीच नाही, दांड्यावर लाल बटण असतं, आणि ते बिघडलेलं होतं. सगळ्या रस्त्याने मी तुझ्याशी बोलत होतो. माफी मागत नव्हतो. माफी कशी मागू, ती द्यायला तू कुठेयस? एकच सांगत होतो, आणि तेच इथे लिहायला बसलोय. सुनंदा, तू भिंतीकडे मान वळवलीस तेव्हा तुला वाटलं असेल, या बहिऱ्याला माझी बेल पुन्हा ऐकू आली नाही. तसं नव्हतं. मला ऐकू आली होती. अगदी नीट. भाकरीच्या वेळीही प्रत्येक वेळी ऐकू यायची. मी जन्मभर ऐकूनच पुढे गेलो.

आपला स्टॉप, पंतनगर, आला ते मला कळलंच नाही. गर्दी उतरली, मी बसूनच. प्रज्ञा दाराशी जाऊन मागे वळली. हाक मारली नाही. परत आली, माझ्या डोक्यावरच्या दांड्यावर तुझी अंगठी मारली. एकदाच.

टण.

मी उठलो आणि उतरलो.